आमच्या वाफ्यात दुसऱ्याचा राब

मैत्रिणींनो, अजून डोकं तापलंय.

महिनाभर आमचे हे रोज जेवताना विचारतायत, "डोंबिवलीला राहायला जाऊ या का? तुझं मत सांग." मीही वेडी, मनापासून सांगत होते. तिथे घरात नळ येईल, गॅसचा नंबर लागेल. पण दहिवलीतलं आपलं भात कोण लावणार?

आज शेतावर गेले, तर आमच्या रोपांच्या वाफ्यात शेजारचा गणपत राब भाजायला, म्हणजे भात पेरण्याआधी वाफ्याची माती भाजून घ्यायला, पालापाचोळा पसरत होता.

"अरे, इथे तू कसा?"

तो गोंधळला. "वैनी, दादा शिमग्यालाच बोलले, यंदा शेत तूच लाव. तुमी डोंबिवलीला चाललात ना?"

म्हणजे मला विचारायच्याही आधी!

गेले असते हो मुकाट्याने. रोज माझ्याकडून फायदे-तोटे कशाला वदवून घ्यायचे?

आता पान वाढलं की हे पुन्हा माझं मत विचारतील. तुम्ही काय सांगितलं असतंत?