जमिनीची ऊब आणि आमचे आबा

परवा आमच्या गावात, गुंजवण्यात, आमचा चोर सापडला... आणि तो घरातलाच निघाला!

म्हणजे झालं असं... आमचं छोटं पॉलीहाऊस आहे, त्यात मी ढोबळी मिरचीची रोपं करते. गेल्या थंडीत सगळी रोपं गारठून गेली. रिकामे ट्रे धुताना अक्षरशः रडले होते. यंदाही तेच झालं तर नर्सरी बंद, असं ठरवूनच टाकलं होतं मी.

म्हणून उन्हाळ्यात खालच्या खाचरात जेसीबीने चर खणून पाइप पुरले. वर कितीही थंडी असो, खोल मातीत ऊब टिकून असते. पाइपातलं पाणी ती घेऊन येतं, हीट पंप ती वाढवून पॉलीहाऊसमध्ये सोडतो. खाचर आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. भाताची जमीन उकरायला त्यांनी हो म्हटलं, पण तोंड एवढंसं करून.

थंडी पडली, पंप सुरू झाला, रोपं छान वर आली. आणि मग पहाटे पंप बंद सापडायला लागला... रोजच! ह्यांनी लाइटीला शिव्या घातल्या, भोरहून मेकॅनिक बोलावला. त्यालाही काही सापडेना. रोपं मलूल दिसायला लागली.

परवा उजाडायच्या आधीच जाऊन बघते तर आबा! कानाला मफलर, हात बटणावर.

मी चिडलेच. "आबा, रोपं मरतील ओ माझी!"

"आन् तिचं काय?" खाचराकडे हात करून ते म्हणाले. "रातभर तिच्या पोटातली ऊब वडून घेताय. तिला बी गारठा लागतोच की. म्हनलं, पहाटंचा तरी इसावा घिऊ दे."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. या माणसाने जन्मभर राब भाजलाय... भाताचं बी टाकायच्या आधी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजून घ्यायची. आधी तिला ऊब द्यायची, मग तिच्याकडे मागायचं. आमचं नुसतं घेणं त्यांना कसं पटावं?

दुपारी त्यांना पॉलीहाऊसमध्ये नेलं. उन्हाने आत नुसती भट्टी झालेली. पंप उलटा चालवला की ही जास्तीची उष्णता परत जमिनीत जाते. सोय पहिल्यापासून होती, पण आम्ही आपले पडदे उघडून मोकळे व्हायचो.

"आता रोज दुपारी परत देऊ आबा," म्हटलं आणि पंप फिरवला. खाचराकडे जाणारा पाइप हळूहळू तापला. आबांनी त्यावर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला. "मंग हरकत न्हाई," म्हणाले.

आज पहाटे पंप चालू होता. रोपं ताठ उभी. सहज खाचराकडे नजर गेली, तर पाइप पुरलेत तिथे पेंढा नीट पसरलेला... आणि त्यावर आबांचं स्वतःचं घोंगडं!

पाइप इतके खोल आहेत की त्या घोंगड्याचा काडीचाही उपयोग नाही. पण ते उचलायला माझा हात धजला नाही... जमिनीलाही पांघरूण घालणाऱ्या माणसाच्या घरात सून म्हणून आले, नशीब काढलं मी.