हेडफोन लावून बसलेला माणूस

वहिनींचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत मेथी निवडत बसलो होतो. ‘भावजी, हे गेले ओ...’ एवढंच त्या बोलल्या आणि मग कुणीतरी त्यांच्या हातातून फोन घेतला. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घेऊन आलेला माझा मित्र सुकुमार नेहमीसारखा दुकान उघडायला निघाला होता. चपला घालायला पायरीवर बसला तो उठलाच नाही. मी पोचलो तेव्हा घरात माणसं मावत नव्हती आणि सगळी हळू आवाजात बोलत होती. मला ते फार चुकीचं वाटलं. त्या घरात हळू आवाजात कुणी कधी बोललं नव्हतं.

सुकुमार मूळचा जयसिंगपूरचा. शिकायला म्हणून आम्ही दोघंही कोल्हापुरात आलो आणि वसतिगृहात एका खोलीत पडलो. पुढे मी कॉलेजात मराठी शिकवायला लागलो आणि त्यानं शाहूपुरीत स्पीकर, माईक, अँप्लिफायर विकायचं आणि भाड्यानं द्यायचं दुकान काढलं. मी कमी बोलणारा. दोघांच्या वाट्याचं तोच बोलायचा, आणि बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर : नुकताच आलेला सिनेमा, नुकतंच आलेलं गाणं, शेवटच्या काही वर्षांत व्हिडिओ गेमसुद्धा. ‘नुकतंच आलेलं’ हे मी मुद्दाम म्हणतोय. जुन्या गाण्यांचा विषय निघाला की तो म्हणायचा, ‘त्याच्यावर सगळ्यांचं बोलून झालंय. आता माझ्यासाठी काय ऱ्हायलंय त्यात?’ हे इतकं स्पष्ट लिहायला कारण आहे. गेले काही आठवडे माझ्या मित्राचं जे काही चाललंय, ते मला सहन होत नाही.

आमच्या भागात जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करणारं एक हौशी मंडळ आहे. शोकसभा त्यांनीच घेतली. मंडळाचे अध्यक्ष देशमाने साहेब, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. त्यांनी माईक हातात घेतला. (माईक सुकुमारच्याच दुकानातला.) म्हणाले, ‘आजच्या या धांगडधिंग्याच्या काळात जुन्या सुरांवर जीव टाकणारा एक सच्चा रसिक आपल्यातून गेला. आमच्या प्रत्येक कार्यक्रमात सुकुमारजी मागे बसायचे. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, मान हलतेय... काय ती तन्मयता! समोर गाणाऱ्यालासुद्धा त्यांच्याकडे बघून हुरूप यायचा.’ लोकांनी माना डोलावल्या. एक बाई डोळे पुसत होत्या. मी दुसऱ्या रांगेत बसून मुठी आवळत होतो.

त्या हेडफोनची गोष्ट मला माहीत होती. मंडळाकडून तो भाडं घेत नसे. स्वतः सामान घेऊन जायचा, सुरुवातीला आवाज नीट लावून द्यायचा आणि मग मागच्या टेबलापाशी बसायचा. एकदा मी पाणी द्यायला म्हणून त्याच्याजवळ गेलो. समोर एक गृहस्थ संथ लयीतलं भावगीत म्हणत होते आणि सुकुमारची मान भलत्याच वेगात हलत होती. मी हेडफोनच्या वायरीवरून नजर फिरवत गेलो, तर ती टेबलावरच्या यंत्रात गेलीच नव्हती. त्याच्या शर्टाच्या खिशात, मोबाइलला लावलेली होती. मी बघितलंय हे त्याला कळलं. त्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला.

‘गप बस की मास्तर. कबनूरच्या पोरांनी नवीन गाणं टाकलंय. ऐकतोस?’

‘अरे, तिकडं माणसं गातायत!’

‘गाऊ देत की. आवाज लावून दिलाय, वाजवायला सामान दिलंय. ऐकायचं कबूल केलतं व्हय मी?’

आणि त्यानं हेडफोन काढून माझ्या कानांना लावला. यंत्रमागाच्या खडखडाटाचाच ताल करून दोन पोरं भराभर काहीतरी बोलत होती. मला चार शब्दसुद्धा कळले नाहीत. घरी जाताना त्यानं ते गाणं मला उलगडून सांगितलं, आणि नुसतं कौतुक केलं असं नाही, फाडलंही. ‘माग त्यांच्या घरचा हाय, आवाज खरा हाय. पण शब्द बघ. गाडी, गँग, दुश्मन... कबनूरात यांचा दुश्मन कोण? लाईट जाती तो यांचा दुश्मन! त्याच्यावर लिहा की लेको. ते न्हाई लिहिणार. दुसऱ्याचं बघून लिहिणार.’ पुढे त्यानं त्या पोरांना शोधून काढून हेच तोंडावर सांगितलं. ती चिडली. मग वर्षभरानं त्यांनी वीज जाण्यावर खरंच एक गाणं केलं आणि ऐकवायला दुकानात आली. ‘आता जमाय लागलंय,’ म्हणाला, ‘पण लांबवलंय फार.’ असा माणूस. त्याला जुन्या सुरांचा राखणदार म्हणायचं?

नवं ते सगळं त्याला आवडत होतं असं मुळीच नाही. उलट नव्यावर त्याच्याइतका चिडणारा माणूस मी पाहिला नाही. पण त्याची चीड ऐकून, बघून आलेली असायची. हल्लीच्या गाण्यांतला यंत्रानं सरळ केलेला आवाज लागला की म्हणायचा, ‘गळ्याला इस्त्री केल्यागत वाटतंय. एक चुणी तरी ठेवा!’ मोबाइलवर वाजण्यापुरती एकच ओळ रचायची आणि बाकीचं गाणं तिच्याभोवती कसंबसं उभं करायचं, हे त्याला लगेच ऐकू यायचं. मात्र आमच्या वयाच्या कुणी ‘छे, हल्ली गाणी कुठं राहिलीत?’ म्हटलं की तो त्याच्यावर घसरायचा. ‘या वर्षातली कुठली ऐकलीसा? नावं सांगा. नावं सांगा की!’ समोरच्याला एकही सांगता येत नसे. ‘मग कशाला बोलताय, पावणं?’ अनेक लग्नांत, मुंजींत मी त्याला दंडाला धरून बाजूला नेलंय.

सिनेमा आम्ही शुक्रवारी दुपारचा बघायचो. संध्याकाळचा त्याला चालत नसे, कारण सूर्यास्तानंतर तो जेवत नव्हता आणि सिनेमावर उपाशीपोटी बोलणं त्याला जमत नव्हतं. वाईट सिनेमातूनही उठून जायचं नाही, शेवटपर्यंत बघायचा. ‘अर्धा बघून आपण अर्ध्याच शिव्या द्यायच्या व्हय?’ संथ गतीत चालत येणारे नायक त्याला सोसायचे नाहीत. एकदा थेटरात मोठ्यांदा म्हणाला, ‘किती चालतोय ह्यो? एसटी धर की बाबा!’ पुढच्या चार रांगा हसल्या. पण त्याचा खरा संताप होता कोल्हापूर दाखवणाऱ्या सिनेमांवर. कोल्हापूरचा माणूस आला की त्याच्या मिशा, त्याची बुलेट, तांबडा रस्सा आणि तालमीतली माती. एका सिनेमातून बाहेर पडताना पार्किंगमध्ये त्याचा आवाज चढला होता. ‘मी जन्मात रस्सा चाखला न्हाई. तालमीत गेलो न्हाई. तू तर नुसता पुस्तकातला किडा. मग आपण कुठले रं? आमच्या गल्लीत बागवान हाय, शिंपी हाय, चष्मेवाला हाय, क्लासवाल्या बाई हाईत. ह्यांना कोल्हापुरात मिशीशिवाय माणूसच दिसत न्हाई!’

मी हे आठवतो आणि मला वाटतं, आता त्यालाच एक मिशी चिकटवली जातेय. वेगळी मिशी, इतकंच. माणूस सत्तरीकडे झुकला की त्याला जुनंच आवडलं पाहिजे असं कुणी ठरवलं? नोकरी संपताना कपाटाच्या किल्ल्या परत द्याव्यात, तशी मतंही परत द्यायची असतात का? आणि जिवंतपणी नाही दिली, तर मेल्यावर लोक ती काढून घेतात आणि त्या जागी स्वतःची भरतात. मेलेला माणूस ‘नावं सांगा की’ म्हणून अंगावर येत नाही, ही त्यांची सोय. मला याचा राग येतो. मी रागावणारा माणूस नाही, त्यामुळे या रागाचं काय करायचं हे मला नीट कळत नाही. म्हणून लिहितोय.

पंधरवड्यापूर्वी देशमाने साहेब माझ्या घरी आले. दरवर्षी सुकुमारच्या नावानं जुन्या गाण्यांची एक संध्याकाळ करायची असं मंडळानं ठरवलं होतं. निवेदन मी लिहावं अशी त्यांची इच्छा होती.

मी म्हटलं, ‘साहेब, त्याला हे आवडलं नसतं. त्याला नवी गाणी आवडायची.’

‘असं कसं म्हणता? आम्ही डोळ्यांनी पाहिलंय त्यांना.’

मी हेडफोनच्या वायरीचं सांगितलं. ते हसले. ‘तुम्ही थट्टा करताय.’

‘थट्टा नाही. तो व्हिडिओ गेमसुद्धा खेळायचा. दुकानामागच्या खोलीत. रोज.’

त्यांचा चेहरा बदलला. कुणाच्या घरातली झाकलेली गोष्ट मी उघड केल्यासारखं त्यांनी आवाज खाली घेतला. ‘सर, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. त्या वयाचा प्रतिष्ठित माणूस गेम खेळत होता, हे काय स्टेजवरून सांगायचं? वहिनींना काय वाटेल? तुम्ही त्यांचे मित्र ना?’

मी मित्र होतो म्हणूनच सांगत होतो. पण हे त्यांना त्या वेळी नीट शब्दांत सांगता आलं नाही. चहा पिऊन ते गेले आणि मला पुढचं सगळं सुचत गेलं... कमी बोलणाऱ्या माणसांचं हे असंच असतं. त्यांना सांगायला हवं होतं की तो गेम कसा खेळायचा ते एकदा बघा, मग प्रतिष्ठेचं बोला. पुण्याला असलेल्या मुलानं त्याला टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा आणून दिला होता. नातेवाइकांत कुजबुज झाली की सुकुमारअण्णा टीव्हीवर माणसं मारत बसतोय. बस्तीत एका वडीलधाऱ्यानं त्याला विचारलंही. तो म्हणाला, ‘मी कुठं मारतोय? मी लपतोय!’ आणि ते खरं होतं. ज्या खेळात बंदूक, तलवार हाताशी आहे, तिथेही तो कुणाला मारायचा नाही. भिंतीमागून, गवतातून, पहारेकऱ्याची पाठ वळेपर्यंत थांबून थांबून पुढे सरकायचा. पोरं गेमच्या ज्या टप्प्यावर घटकाभर घालवतात, तिथे तो आठवडा काढायचा. मारल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असा गेम लागला की तो बंद करून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी मला ऐकवायचा : ‘येवढं मोठं जग उभं केलंय. झाडाचं पान न् पान हालतंय. आणि आत गेल्यावर माणसाला करायला एकच काम? मारायचं? बनवणाऱ्याचं डोकं तिथं संपलं!’ खेळांवर याहून नेमकी टीका मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. आणि हे स्टेजवरून सांगायचं नाही म्हणे!

दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. मला धास्ती होती. मंडळाची माणसं त्यांना आधीच भेटून गेली होती आणि त्यांनी होकार दिला होता, असं मला कळलं होतं. नवऱ्याच्या नावाचा कार्यक्रम कुठल्या बाईला नको असेल? मी उठून तो मोडायला निघालोय, हे बरोबर आहे का, याचा विचार करतच दुकानाची पायरी चढलो. वहिनी गल्ल्यावर बसल्या होत्या. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

‘मला काय ठाव न्हाई व्हय भावजी? कार्यक्रमाहून आले की तासभर नक्कल करून दाखवायचे एकेकाच्या गाण्याची. हसून हसून पोट दुखायचं माझं.’

‘मग तुम्ही हो का म्हणालात?’

‘दारात हार घेऊन आलेल्या माणसांस्नी काय म्हणायचं? शोकसभेत तुमी तरी तोंडावर बोललासा काय?’

त्यांनी माझ्यादेखतच देशमाने साहेबांना फोन लावला. आवाज नेहमीसारखा, रस्त्यापलीकडे ऐकू जाणारा. ‘साहेब, कार्यक्रम करा तुमी. स्पीकर न्या, माईक न्या, भाडं नको. पण ह्यांचं नाव नको... न्हाई न्हाई, राग न्हाई. ह्यांना ती गाणी आवडत न्हवती. मी बायकू हाय त्यांची, मला म्हाईत!’ पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं आलं. ‘व्हय, खेळत होते की गेम. त्यात काय लाजायचं?’ म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग मला म्हणाल्या, ‘आत या जरा.’

दुकानामागच्या खोलीत मी तो गेल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं. टीव्ही चालू होता. पडद्यावर दगडी तटबंदी, तिच्या आडोशाला दबा धरून बसलेला एक माणूस, आणि समोर मशाल घेऊन येरझाऱ्या घालणारा शिपाई. वहिनींनी खुर्चीत बसून कंट्रोलर हातात घेतला. धान्य निवडत शेजारी बसून बसून त्या शिकल्या होत्या.

‘हे जायच्या आधी इथंच अडकले होते. पोरगं फोनवर म्हणतंय, आई, मागनं जाऊन मार की, एक बटण तर दाबायचंय.’

‘मग?’

‘मग काय? मी न्हाई मारत.’

शिपाई वळला. वहिनींनी माणूस पुढे काढला, पण घाई झाली. शिपायानं बघितलं, आरडाओरडा झाला, पडदा काळा पडला. सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तीच तटबंदी, तीच मशाल. मागे ढोलासारखं काहीतरी जोरजोरात वाजत होतं.

‘हे म्युझिक किती कर्कश हाय ओ! ह्यांना कसं चालायचं?’

‘चालायचं नाही,’ मी म्हटलं. ‘त्याच्यावर तो मला एकदा दसरा चौकापासून घरापर्यंत ऐकवत आला होता.’

‘काय म्हणत होते?’ पडद्यावरची नजर न काढता त्यांनी पायानं दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. ‘बसा की. सगळं सांगा.’

मी बसलो, आणि सांगायला लागलो.