ओटा आणि फडताळ

प्रिय ईरा आणि निनाद,

गेल्या रविवारी तुम्ही विचारलंत, "आजी, आजोबांचा कॉम्प्युटर पुरात बुडाला, मग फोटो कसे वाचले?" मी म्हणाले, "नशीब." ते खरं नव्हतं. बोलणं संपल्यावर मला माझीच लाज वाटली. म्हणून जे झालं ते लिहून ठेवते आहे.

आपला कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणारे मिस्त्री घरात शिरले की चप्पल काढता काढता विचारायचे, "बाई, खोडरबर हाय का?" शाहूपुरीतल्या एका गाळ्यात ते जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. वय पन्नाशीचं, अंग जाडसर आणि आवाज असा, की आमचं मशीन बिघडलंय हे चार घरांना कळावं. झाकण उघडून आतली हिरवी पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने घासायचे, फुंकर मारायची, पट्टी परत बसवायची. मशीन सुरू.

"रुसलं हुतं. एवढंच."

मुलांनो, व्हिडिओ कॉलवर तुमचे चेहरे पडद्यावर सारखे गोठायचे. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मेमरी कमी पडतीया. मोठी पट्टी घालू." आणि जुनी पट्टी उपसून त्यांनी खिशात टाकली. मी त्यांचा हातच धरला. त्यात आजोबांचे फोटो होते ना! आजोबांनी शेवटच्या दोन वर्षांत सगळे अल्बम स्कॅन केले होते, आणि नंतर ते अल्बम वाळवीने खाल्ले.

ते इतके हसले, की त्यांना बसावं लागलं. "बाई, तुमच्या इंग्रजीनं घोटाळा केलाय. मेमरी म्हंजे आठवण न्हवं! ही पट्टी म्हंजे सैपाकाचा ओटा. काम चालू हाय तवर मांडायचं, लाईट गेली की कोरा. फोटो ठेवल्यात त्या डिस्कवर. ते फडताळ. ओटा मोठा करतोय, फडताळाला हात लावत न्हाय."

तीस वर्षं मी इतरांचं इंग्रजी तपासलं. हट्टाने मी पुढेही सगळ्याला मेमरीच म्हणत राहिले. तेही दर वेळी तितक्याच हट्टाने सुधारत.

तसली जुनी पट्टी आता कुठे मिळत नाही. महिनाभर शोधून त्यांनी ती हातकणंगल्याच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणली. मशीन दुकानात न्यायला आले, तेव्हा उजव्या पायाला मोठं बँडेज होतं आणि चपलेचा अंगठा कापलेला होता.

"साखर हाय बाई. जखम भरंना झालीया. डॉक्टर म्हंतोय, पाय भिजवू नगा. मग आंगूळ काय बगळ्यागत एका पायावर करू?"

मी हसले. पण ऐकलं होतं. हे मुद्दाम लिहिते आहे, मी ऐकलं होतं.

चार दिवसांनी पाणी वाढायला लागलं. दुपारी टीव्हीवर शाहूपुरीतल्या गल्ल्या दाखवल्या, तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर होतं. मी त्यांना फोन लावला. आवाज झोपेतला होता.

"मशीन वर ठेवलंय ना?" मी विचारलं.

"बाकीची माळ्यावर टाकल्यात. तुमचं सकाळी खोललं हुतं, ते टेबलावरच ऱ्हायलंय."

मी म्हणाले, "त्यात ह्यांची मेमरी आहे हो."

"फडताळ म्हना की बाई," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "बगतो. व्हतंय की."

मी "जा" म्हणाले नाही. हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं आहे. पण "जाऊ नका" असंही म्हणाले नाही.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "घावलं फडताळ. कोरडं हाय." मागे पेटलेल्या स्टोव्हचा आवाज येत होता, कोणीतरी पाणी तापवत असावं. मी आभार मानले. पायाचं विचारायचं मला सुचलं नाही.

आमच्या भागातले रस्ते आठ दिवसांनी मोकळे झाले. तोवर दवाखान्यात त्यांची आधी दोन बोटं काढली होती, मग घोट्यापर्यंत पाय. विष पुढे गेलं होतं. मला कळलं तेव्हा दफन होऊन तीन दिवस झाले होते.

मी भेटायला गेले. त्यांची बायको इद्दतीत होती, म्हणजे नवरा गेल्यावर घराबाहेर न पडण्याच्या दिवसांत, आतल्या खोलीत बसली होती. मला पाहताच उठली, ट्रंकेतून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली डिस्क काढली आणि माझ्या हातात दिली. वर रबर बँड घट्ट लावलेला होता.

मी वाटेत ठरवूनच गेले होते. सांगितलं, "त्या दिवशी फोन मी केला होता. माझ्यामुळे ते पाण्यात गेले."



"ठावं हाय," ती म्हणाली. "फोन मीच उचलला की. ते झोपलं हुतं, गोळी घेऊन. तुमचं नाव बगून मीच हलवून उठवलं. म्हटलं, बाईंचा हाय, घ्या."

मग तिने मला पाणी दिलं. ते मी प्यायले.

गाळ्यातलं सगळं सामान गेलं, आपलं मशीन आणि ती नवी पट्टीसुद्धा. गाळा आता दुसऱ्याने घेतला आहे. डिस्क माझ्याकडे आहे. काल पुन्हा शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. सगळे फोटो उघडतात.