‘कुठवर आलं?’ विचारणारा माणूस

मशीनखालचा लोखंडी चुरा रोज झाडून काढला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढाच पडलेला असतो. आमच्या कंपनीतल्या किश्शांचंही तसंच आहे. एक सांगून संपतोय तोवर दुसरा तयार! मित्र म्हणतात, तू हे सगळं घरी बसून बनवतोस. अरे बाबांनो, बनवायला वेळ कुठाय? आम्ही ट्रॅक्टरचे पार्ट बनवतो.

बरीच वर्षं पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्यात घासून मी कोल्हापूरला परत आलो, तो इथल्या एका मध्यम कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून. काम एकच. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं नवीन कव्हर तयार करायचं आणि ट्रॅक्टर कंपनीकडून ते पास करून घ्यायचं. पास झालं तर पुढची कित्येक वर्षं कामाला तोटा नाही. नापास झालं तर कव्हर जाणार राजकोटच्या कंपनीकडे आणि मी जाणार परत पुण्याला. बायको आणि मुलगी अजून पुण्यातच होत्या. पार्ट पास झाल्याचं कळेपर्यंत मी एक चमचासुद्धा बांधणार नाही, असं बायकोनं स्वच्छ सांगितलं होतं. त्यामुळे खाली जे काही सांगतोय ते मला आज विनोदी वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

*

आमच्या मशीन शॉपचे इनचार्ज शकीलभाई. आजोबांपासून घराणं लेथवर. आवाज असा की मशीन चालू असताना दुसऱ्या टोकाच्या माणसाला हळू बोलल्यासारखा ऐकू जातो. माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे सांगलीचे कुणी पाहुणे कंपनी बघायला आले. मी समोरून गेलो तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, हे कोण?

शकीलभाईंनी ओळख करून दिली. "ह्ये पाटील सायेब. प्रोजेक्ट मॅनेजर. म्हंजी ह्ये मशीन चालवत न्हाईत, माल तपासत न्हाईत, बिल करत न्हाईत. ह्ये दिवसभर ‘कुठवर आलं?’ म्हणून इचारत फिरत्यात."

पाहुण्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मग ह्येंचा पगार कुठवर आलाय?"

*

पुण्याहून येताना मी एक रंगीत तक्ता घेऊन आलो होतो. झालेलं काम हिरवं, रखडलेलं पिवळं, बोंबललेलं लाल. पहिल्या मीटिंगमध्ये एकेकाला विचारत गेलो. साचा होईल? होतंय की. ओतीव कास्टिंग? होतंय की. मापं घ्यायचं गेज? होतंय की! तासाभरात माझा तक्ता शिवारासारखा हिरवागार झाला. मी खुशीत बायकोला फोन केला, की इकडची माणसं फार तयारीची आहेत.

महिन्याभरात कळलं की ‘होतंय की’ म्हणजे ‘झालं’ नव्हे, ‘होईल’ही नव्हे. समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी चिडलो. जाहीर केलं, की इथून पुढं मला फक्त तारीख सांगायची.

फिक्स्चर, म्हणजे पार्ट मशीनवर घट्ट धरून ठेवणारी पकड, आम्ही कागलच्या एका कारागिराकडून करून घेत होतो. त्याला फोनवर तारीख विचारली. तो म्हणाला, ऊस गेला की लगेच.

म्हणजे कधी? तर म्हणे, तोडणीची टोळी आली की. टोळी कधी येणार? ते साखर कारखान्याला विचारा!

मी तणतणत गाडी काढून कागलला गेलो. वर्कशॉपला कुलूप. मालक शेतात, कारण तोडणी टोळी त्याच सकाळी आली होती. तिथं बांधावर उभा राहून मी त्याला वेळेचं महत्त्व समजावून सांगितलं. त्यानं अतिशय मन लावून ऐकलं, माना डोलावल्या आणि निघताना माझ्या डिकीत उसाची मोळी टाकली. संध्याकाळी गेटवर शकीलभाई वाटच बघत होते. माझाच प्रश्न त्यांनी मला विचारला, कुठवर आलं?

"डिकीत आहे," मी म्हणालो. "सोलून खा."

*

आमचे मालक आण्णा. माणूस सोन्यासारखा, फक्त पायात चपलेशिवाय काही घालत नाही. ट्रॅक्टर कंपनीचा तर नियम होता की सेफ्टी शूज असल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही. मी वॉचमन मारुतीमामांना बजावून ठेवलं होतं, की समोर कुणीही असो, चप्पल दिसली की अडवायचं. मामा निवृत्त फौजी. त्यांनी पहिला माणूस अडवला तो आण्णा!

आण्णांचा चेहरा लाल झाला. कंपनी कुणाची आहे हे ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं.

मामांनी सॅल्यूट ठोकला. "कंपनी तुमचीच हाय आण्णा. खरं, पाय बी तुमचंच हाईत की."

आण्णा पंधरा मिनिटं गेटवरच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून होते. मग ड्रायव्हरला शूज आणायला धाडलं आणि मामांना दिवाळीत दुप्पट मिठाई दिली.

*

आता सबनीस मॅडम. पार्ट पास करायचा की नाही हे ठरवायला ट्रॅक्टर कंपनीनं पाठवलेल्या ऑडिटर. पस्तिशीच्या, किडकिडीत, शर्ट-पँट, हातात स्वतःचं पिवळं हेल्मेट. त्यांच्या कंपनीचा कडक नियम होता, सप्लायरकडून काहीही घ्यायचं नाही. आणि बाईंनी तो नियम शब्दशः धरला होता. चहा नको, जेवण नको, डबा आणलाय. सही करायला मी पेन पुढं केलं तर म्हणाल्या, माझं आहे.

दारी आलेला पाहुणा चहा न घेता जातो म्हणजे काय! शॉपमध्ये सुतक पडल्यासारखं झालं. बाई आपल्यावर रागावली आहे का, असं तिघांनी मला येऊन विचारलं. शेवटी शकीलभाई स्वतः पुढं झाले. निदान पाणी तरी घ्या म्हणाले.

मॅडमनी विचारलं, पाणी तपासल्याचा रिपोर्ट आहे का?

शकीलभाईंच्या हे जिव्हारी लागलं. पुढच्या खेपेला मॅडम आल्या तेव्हा कूलरच्या वर पाण्याचा रिपोर्ट झळकत होता, काचेच्या फ्रेममध्ये, झेंडूचा हार घालून. मॅडमनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, उत्तम आहे म्हणाल्या आणि आपल्या पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायल्या.

*

त्याच खेपेला त्यांनी परशाला प्रश्न विचारले. परशा आमचा ऑपरेटर, कव्हरचं मशीन तोच चालवायचा. आम्ही त्याच्याकडून आठवडाभर उत्तरं घोटून घेतली होती. पार्ट बिघडला तर काय करतोस, याचं उत्तर होतं, ‘लाल पेटीत टाकतो.’ एवढंच.

मॅडमनी नेमकं तेच विचारलं. पार्ट हातून बिघडला तर पहिल्यांदा काय करता?

परशा म्हणाला, "पयल्यांदा इकडं-तिकडं बघतो."

शकीलभाईंनी डोळे मिटले. मला पुण्यातलं आमचं स्वयंपाकघर दिसायला लागलं, सगळे चमचे जागच्या जागी. मॅडमनी मान वर केली. कशासाठी बघता?

"कुणी बघितलंय का म्हणून."

आणि कुणीच बघितलं नसेल तर?

"तरी लाल पेटीतच टाकायचा. मी बघितलाय की."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, शेवटची ट्रायल याच माणसाच्या हातची घ्यायची, दुसरा कुणी चालणार नाही.

*

ट्रायलची तारीख मी सगळ्यांना समोर बसवून विचारली. या बुधवारी ठेवूया का? सगळे म्हणाले, होतंय की. परशाही म्हणाला.

बुधवारी सकाळी मॅडम हजर, कास्टिंग हजर, मशीन चकाचक. परशा नाही! फोन लागेना. शकीलभाई म्हणाले, आज त्याच्या गावची जत्रा आहे.

मी किंचाळलोच. हे आधी सांगायला काय झालं होतं?

"तुमी ट्रायल हुईल का इचारलासा," शकीलभाई म्हणाले. "जत्रा हाय का, ते कुठं इचारलासा?"

मी गाडीची किल्ली उचलली. मॅडमही उठल्या. मी एकटा गेलो तर येताना वाटेत त्याला उत्तरं पढवीन, म्हणून त्या सोबत येणार होत्या. संध्याकाळी त्यांच्या साहेबांशी व्हिडिओ कॉल होता. तोवर ट्रायल झाली नाही तर पार्ट नापास, हे त्यांनी गाडीत बसता बसता सांगून टाकलं.

हातकणंगल्याच्या पुढं परशाचं गाव. लाउडस्पीकर, हलगी, पाळणे. परशा पालखीपुढं नाचत होता आणि गुलालानं इतका माखला होता की मी दुसऱ्याच माणसाला दोनदा हाक मारली. आम्हाला बघून तो बिचारा ओशाळला. लगेच निघू म्हणाला, फक्त घरी आईला सांगून येतो. आम्हीही मागोमाग गेलो आणि तिथंच चुकलो.

दारातच त्याच्या आईनं आम्हाला धरलं. जत्रेला आलेलं माणूस जेवल्याशिवाय जात नाही, आणि पाहुणे जेवल्याशिवाय पोरगं घरातून हलणार नाही. मी घड्याळ दाखवलं. त्या माउलीनं ते कौतुकानं बघितलं आणि पाट मांडले.

मॅडम म्हणाल्या, मी डबा आणलाय.

"मग काढा की. आमी बी खातो."

डबा निघाला. दुधीची भाजी होती. ती आईनं घरातल्या सगळ्यांच्या ताटात चमचा-चमचा वाढली, स्वतः चाखून बरी झालीया म्हणाली आणि रिकाम्या डब्यात पुरणपोळ्या भरल्या. गोड्या नैवेद्याचा दिवस होता. मॅडम हात आखडून बसल्या होत्या.

"आई, मला सप्लायरकडून काही घेता येत नाही," त्या म्हणाल्या.

आईनं परशाला विचारलं, सप्लायर म्हणजे कोण? परशा म्हणाला, कंपनीला माल देणारा.

"मी निस्तं पोरगं दिलंय कंपनीला," आई मॅडमना म्हणाली. "ते घ्या की तपासून."

इतक्या खेपांमध्ये आम्ही मॅडमना पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्या जेवल्या. दुसरी पोळी मागून घेतली. जेवताना आईच्या चौकशा चालूच होत्या. लग्न झालंय का? झालंय. मग गळ्यात काही कसं नाही? मशीनपाशी चालत नाही. माहेर कुठलं? मॅडम म्हणाल्या, नाशिक, पण आई गेली, आता तिकडं कुणी नाही. सासरी सगळे चांगले आहेत, असंही त्या घाईनं म्हणाल्या.

आई उठली. आत गेली आणि सुपात नारळ, तांदूळ, खणाचं कापड घेऊन आली. मॅडमना उभं केलं, कुंकू लावलं आणि ओटी भरायला पदर शोधायला लागली. शर्ट-पँटला पदर कुठला? आईनं इकडं-तिकडं पाहिलं, मॅडमच्या काखेतलं पिवळं हेल्मेट काढून घेतलं, ते उलटं त्यांच्या हातात धरायला लावलं आणि त्यातच ओटी भरली. मॅडमनी वाकून नमस्कार केला. परत येताना गाडीत त्या पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. 

कंपनीत आल्यावर मॅडम पुन्हा मॅडम झाल्या. गुलालाचा एक कण पार्टवर दिसला तर अख्खा लॉट बाद, म्हणाल्या. परशाला नळाखाली बसवून शकीलभाईंनी साबणानं घासला. कान तेवढे गुलाबीच राहिले. ट्रायल सुरू झाली. मॅडमनी एकेक कव्हर तीनतीनदा मोजलं. लाल पेटी रिकामी राहिली. माझा शर्ट मात्र पिळला असता तर पाणी निघालं असतं.

व्हिडिओ कॉल लागला. मॅडमनी सगळी मापं वाचून दाखवली, ट्रायल समाधानकारक झाल्याचं सांगितलं. आता पलीकडून साहेबांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. साहेब जरा पुढं झुकले.

"मॅडम, तुमच्या हेल्मेटमध्ये नारळ आहे का?"

टेबलावर, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, ते हेल्मेट तसंच होतं. नारळ, तांदूळ, वर खणाची जरीची कड.  आण्णा छताकडे बघायला लागले.

"आहे, सर."

"सप्लायरकडून?"

"नाही, सर." मॅडमनी हेल्मेट स्वतःजवळ ओढून घेतलं. "माहेरून आलंय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बरं," ते म्हणाले. "कव्हर कधीपासून पाठवताय म्हणावं त्यांना?"

माझ्या मागून शकीलभाई ओरडले, "उद्यापास्नं!"