पुलावर न जुळलेले आटे

आमच्या गावात ज्याला खरा हात म्हणावा असा एकच हात होता, आटेकाकांचा. कागदोपत्री त्यांना नाव होतं, ते कुणी कधी वापरलं नाही. लेथवर पितळ नाहीतर लोखंड फिरवायचं आणि त्याच्यावर आटे पाडायचे, हे त्यांचं काम. म्हणून आटेकाका. चाळीस वर्षं एकाच लेथपुढे उभं राहून त्यांचा डावा खांदा किंचित खाली उतरला होता. साधं बाटलीचं झाकण फिरवतानाही ते डोळे मिटून घेत आणि म्हणत, "अर्धा फेरा कमी आहे. फसवलंय." बोटांनी ऐकणारा माणूस मी तो एकच पाहिला.

गावाच्या टोकाला घळ आहे. खोल, कोरडी, दगडांनी भरलेली. घळीच्या अलीकडे आमचा देश, पलीकडे त्यांचा. मध्ये लोखंडी पूल आहे. त्यावरून माणसं जातात, हातगाड्या जातात. मोटारीचं वजन त्याला पेलत नाही. दोन्ही टोकांना चौक्या आहेत. पास दाखवायचा, शिक्का घ्यायचा आणि जायचं. पलीकडचं गाव आमच्याएवढंच. फरक एवढाच, की आमच्याकडे टेकडीवर पाण्याची मोठी टाकी आहे, त्यांच्याकडे नुसत्या विहिरी. तिथे आग लागली की त्यांच्या बंबातलं पाणी अर्ध्या तासात संपतं.

म्हणून फार वर्षांपासून एक रीत पडून गेली होती. पलीकडे भोंगा वाजला की आमचा बंब पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा. आमच्या नळ्या पुलाच्या मध्यापर्यंत पुरत. तिथून पुढे आगीपर्यंत त्यांच्या नळ्या. मधोमध दोन तोंडं जोडली की आमच्या टाकीतलं पाणी त्यांच्या आगीवर पडायचं. अशा वेळी पास कुणी विचारत नसे. "पाण्याचा फोटो कुठे चिकटवायचा?" असं चौकीवरचा शिपाई म्हणायचा.

अडचण एकच होती. नळीच्या तोंडाला पितळेचं कडं असतं आणि कड्याला आटे. आमचे आटे बारीक, त्यांचे जाड. एक कडं दुसऱ्यात जायचं नाही. बावीस वर्षांपूर्वी आटेकाकांनी त्यावर तोड काढली. वीतभर लांबीचा एक पितळी जोड बनवला, एका तोंडाला आमचे बारीक आटे, दुसऱ्या तोंडाला त्यांचे जाड. तसे दोन केले. एक आमच्या बंबाच्या खोलीत खिळ्याला टांगला, एक त्यांच्या. त्या जोडांनी अकरा आगी विझवल्या. पलीकडचे चिडवायचे, "तुमचे आटे तुमच्या मनासारखे, बारीक." आमचे लोक म्हणायचे, "आणि तुमचे तुमच्या डोक्यासारखे, जाड." हसत हसत नळ्या गुंडाळायच्या आणि आपापल्या घरी जायचं.

सहा वर्षांपूर्वी काकांनी आपली एकुलती एक लेक पलीकडे दिली. जावई शाळेत कारकून. लाकडाच्या वखारीमागे घरांची लांब ओळ आहे, तिच्यात वरच्या मजल्यावर लेक राहायची. सासूबाईंना अर्धांगवायू, त्या अंथरुणाला खिळलेल्या. दर रविवारी काका लेकीला फोन करायचे. काय जेवलीस, सासूबाई कशा आहेत, जिन्याचा कठडा दुरुस्त केला का, एवढंच बोलायचे. पण रविवार चुकवायचे नाहीत.

गेल्या वर्षी दोन्ही सरकारांनी करार केला. मोठ्या गोष्टींवर त्यांचं दहा वर्षं एकमत होत नव्हतं. सही करण्याजोगं काहीतरी लहान हवं होतं, तेव्हा आमच्या नळ्या सापडल्या. मग पत्र आलं: दोन्ही बाजूंच्या नळ्या एकमेकींस थेट बसतील, अशी तजवीज चार महिन्यांत करावी.

बदलायचं कुणी, ते पत्रात नव्हतं.

बंबावरच्या साहेबांनी काकांना बोलावलं. "आपण बदलायचं," ते म्हणाले. "मोठेपणा आपण दाखवायचा."

"मग त्यांना तसं कळवा की," काका म्हणाले.

"कळवायचं कशाला? नव्या नळ्यांच्या उद्घाटनाला दोन्हीकडची मोठी मंडळी येणार. सगळ्यांसमोर आपण नळी पुढे करू आणि ती त्यांच्या नळीत झटकन बसेल. चेहरे बघा त्यांचे! बावीस वर्षं आपल्याला बारीक मनाचे म्हणतात. गावात सगळ्यांना ताकीद दिलीय, कुणी तोंड उघडायचं नाही."

काकांना ते पटलं. नुसतं पटलंच नाही, आवडलंही. त्यांनी पलीकडच्या जाड आट्यांचं माप घेतलं आणि बासष्ट कडी करायला घेतली. पितळ कमी पडायला लागलं तेव्हा साहेब म्हणाले, "तो जुना जोड घ्या ना. आता त्याचं काय काम?" काकांनी जोड खिळ्यावरून काढला, थोडा वेळ हातात फिरवला आणि मुशीत टाकला.

काकू दारात उभ्या होत्या. "अहो, लेकीला तरी सांगा."

"ती आता तिकडची. तिच्या पोटात राहायचं नाही."

"आणि तुमच्या पोटात काय राहतं ते मला विचारा. सगळं राहतं, सांगायचं तेसुद्धा."

चार महिने रोज लेथ फिरला. पायाखाली पितळेच्या किसाचा पिवळा ढीग साठायचा. प्रत्येक कड्यात काका बोट घालून फिरवायचे आणि मान हलवून बाजूला ठेवायचे. उद्घाटनाच्या आठ दिवस आधी बासष्टावं कडं नळीवर चढलं.

त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास, पलीकडचा भोंगा तीनदा वाजला.

वखारीतून काळा धूर सरळ वर चढत होता. काकू गच्चीवर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अहो, आपल्या लेकीची ओळ आहे ती!"

काका अंगावरच्या तेलकट कपड्यांनिशी पळाले. बंब पुलाशी पोचला होता. चार जणांनी नळी खांद्यावर घेऊन पुलाचा मध्य गाठला, एक टोक काकांनी धरलं होतं. समोरून त्यांची नळी आली. त्यांच्याबरोबर त्यांच्या लेथवरचा माणूस, त्यांचा टर्नर, होता. दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा, म्हणून दोन्ही गावं त्याला घुमा म्हणत.

आमच्या बंबावरच्या एका पोराने कडं कड्याला लावलं आणि फिरवलं.

"बसत नाही!"

"उलटं धरलं असशील, गाढवा!"

"सरळ आहे! तुम्हीच बघा!"

काकांनी त्याला बाजूला सारलं. फिरवलं. कडं घसरलं, चढलं नाही. त्यांनी सवयीने डोळे मिटले आणि समोरच्या नळीच्या कड्यात बोट घातलं. बोटाला बारीक आटे लागले. नवे, धारेचे, अजून तेलाचा वास असलेले. हे आमचे आटे होते. चाळीस वर्षं ज्या मापाने त्यांनी पितळ कापलं, तेच माप, दुसऱ्या माणसाच्या हाताने कापलेलं.

त्यांनी डोळे उघडले. घुमा आमच्या कड्यात बोट घालून उभा होता. त्याच्या ओठांवरचा रंग उडाला होता.

"तुम्ही बदललेत?" घुमा म्हणाला.

"तुम्ही?"

"तुम्हाला चकित करायचं होतं."

बंबाचं इंजिन घरघरत होतं. आमच्याकडची दहा आणि त्यांच्याकडची दहा माणसं त्या दोन चकचकीत पितळी तोंडांकडे बघत उभी राहिली. जणू कुणी भर दिवसा सगळ्यांच्या थोबाडीत मारली होती आणि मारणारा हात आपलाच होता.

"जोड!" काका ओरडले. "तुमच्या खोलीतला जोड आणा!"

"वितळवला," घुमा म्हणाला. "तुमचा?"

काकांनी मान खाली घातली.

पलीकडे काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला. त्यांच्या बंबातलं पाणी संपलं होतं. काकांनी गोणपाट मागवलं, ओलं केलं, दोन्ही तोंडं एकमेकांवर दाबली आणि त्यावर गोणपाट गुंडाळून कमरेचा पट्टा आवळला. मग ते पलीकडच्या बाजूने आणि घुमा अलीकडच्या बाजूने त्या गाठीला मिठी मारून बसले.

"पाणी सोडा! हळू सोडा, अर्ध्या दाबाने!"

पाणी आलं. सांध्यातून चारी बाजूंनी फवारे उडाले, दोघांच्या तोंडावर, छातीवर. दाब वाढला की गाठ साप पिळवटावा तशी उसळायची. चार जण येऊन दोघांच्या पाठींवर रेलले. निघालेल्या पाण्याचा तिसरा हिस्सासुद्धा पुढे जात नव्हता. पण पाणी जात होतं.

काकांची पाठ आगीकडे होती. मान वळवली तर हात सुटेल, म्हणून त्यांना वळून बघता येत नव्हतं. दोनशे पावलांवर लेक होती. उठून धावले असते तर पोचले असते. पण उठले असते तर ते एवढंसं पाणीही थांबलं असतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते एकच विचारत होते, "ती मागची ओळ? वरचा मजला?" धुरातून आलेली माणसं खोकत पुढे जात. कुणाला माहीत नव्हतं, किंवा कुणाला सांगायचं नव्हतं. घुमा समोरच होता, त्याला आग दिसत होती. काकांनी त्याला एकदाच विचारलं, "दिसतं का काही?" घुमा त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "धरा." बस्स. एक तास दहा मिनिटं दोघं तसेच बसून होते.

इंजिन बंद झालं तेव्हा काकांच्या हातांची बोटं उघडेनात. पुलावर धावत आलेल्या काकूंनी एकेक बोट सोडवलं. त्याच वेळी लेक पुलावरून चालत आली. केस जळके, अंगावर राख, पायांत चप्पल नाही.

"सासूबाई?" काकूंनी विचारलं.

"चादरीत घालून खाली आणलं. मी आणि शेजारची शिवणारी बाई, दोघींनी." ती थांबली. "मग ती मशीन आणायला परत वर गेली. तेवढंच तिचं पोट होतं, आई. आम्ही खाली उभ्या होतो. नळी तिच्या खिडकीकडे धरली होती. नळीतून पाणी नुसतं गळत होतं. खिडकीपर्यंत चढलंच नाही."

नऊ घरं गेली. त्या बाईचा देह संध्याकाळपर्यंत मिळाला नाही.

काकांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला, पण तो हवेतच राहिला. "मी तुला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "आम्ही आटे बदलले ते. रविवारी फोनवर सांगायला हवं होतं."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हीही बदलले?"

"तुम्हीही म्हणजे?"

"मला माहीत होतं, बाबा. आमच्याकडचे बदलतायत ते. सगळ्या गावाला माहीत होतं. मी चार महिने तुमच्याशी फोनवर बोलले आणि मनातल्या मनात हसत होते. उद्घाटनाच्या दिवशी बाबांचं तोंड कसं होईल, म्हणून."

बापलेक पुलावर एकमेकांसमोर उभे राहिले. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी दुःख म्हणणार नाही. दुःख नंतर आलं. तो निव्वळ धक्का होता.

उद्घाटन रद्द झालं. दोन्ही राजधान्यांतून एकमेकांवर खापर फुटलं. चौकशी सुरू झाली आणि ती संपेपर्यंत दोन्ही बंबखात्यांनी एकमेकांशी बोलू नये असा हुकूम निघाला. काकांनी लेकीला म्हटलं, "सासूबाईंना घेऊन इकडे ये." ती म्हणाली, "ज्याच्या नळ्या कुठल्याच बाजूला बसत नाहीत अशा गावात राहायचं, तर तिकडे काय आणि इकडे काय." जावयाच्या शाळेतली एक खोली त्यांना मिळाली होती, तिथेच ती राहिली.

तीन आठवड्यांनी नवं पत्र आलं. काकांनी ते लेथपाशी उभं राहून वाचलं. दोन्ही बाजूंच्या नळ्या एकमेकींस थेट बसतील, अशी तजवीज तत्काळ करावी. एक 'तत्काळ' तेवढा नवा होता.

साहेब म्हणाले, "सुरू करा. आपले पुन्हा बारीक करून टाका."

"आणि ते जाड करत बसले तर?"

"ते मी त्यांना विचारू शकत नाही. हुकूम आहे."

"मला कुठे हुकूम आहे? मी काय बंबखात्यात आहे?" काका म्हणाले आणि साहेबांसमोरच त्यांनी लेकीला फोन लावला. तो काही रविवार नव्हता. ती घाबरून म्हणाली, "काय झालं?"

"घुम्याच्या दुकानात जा. त्यालाही पत्र आलं असेल. तो काय करतोय ते तुझ्या डोळ्यांनी बघ आणि मला सांग."

अर्ध्या तासाने तिचा फोन आला. मागे कुठलं यंत्र चालू नव्हतं.

"आलंय पत्र. तसंच. तो नुसता बसलाय. म्हणतो, तुमचं काय ते कळल्याशिवाय हात लावणार नाही."

"त्याला म्हणावं, मीही बसूनच आहे."

तिने ते सांगितलेलं काकांना ऐकू आलं. साहेब घाम पुसत होते. "असं दोघंही बसून राहिलात तर—" ते म्हणाले. काकांनी त्यांना हाताने गप्प केलं.

मग फोनवर घुम्याचा आवाज आला. "मी कापलेले कच्चे आहेत. घाईत केले. तुमचे चांगले आहेत, बोट घालून पाहिलंय मी. तुमचे राहू द्या. मी माझे पुन्हा जाड करतो."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही हात लावायचा नाही."

"लावत नाही."

लेकीने फोन परत घेतला. "बाबा, मी इथे स्टूल टाकून बसणार आहे. याचं शेवटचं कडं होईपर्यंत. रोज. आणि आईला सांगा, तुमच्या लेथपुढे बसायला. तुमच्यावरही माझा भरवसा नाही."

"नको ठेवूस," काका म्हणाले.

काकूंनी आतून पाट आणला, तो लेथपुढे टाकला आणि भाजीची टोपली मांडीवर घेऊन बसल्या. काकांनी यंत्राची वायर भिंतीतून काढली आणि काकूंच्या हातात दिली. फोन चालूच होता. पलीकडे घुम्याचा लेथ सुरू झाल्याचा आवाज आला. काका डोळे मिटून तो ऐकत उभे राहिले.