अक्काचा अंडरएक्स्पोज फोटो

माझ्या मुलीच्या बारशाचा एकच फोटो आहे आणि त्यात मुलीचा फक्त कान दिसतो.

तो मीच काढला. नवा कॅमेरा घेतल्यापासून मी आमच्या सास्तुर गावात येणाऱ्या-जाणाऱ्याला गाठून शिकवत होतो, "कॅमेऱ्यात उजेड कमी गेला, की फोटो काळा येतो. त्याला म्हणतात अंडरएक्स्पोज!" (धार काढत बसलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, म्हणून तो माझा आवडता श्रोता.)

माझी थोरली बहीण अक्का कॅमेरा दिसला की तोंडावर पदर ओढायची. तिचा एक धड फोटो घरात नव्हता. पण भाचीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून ती कशीबशी तयार झाली. "एकच काढ बाळू, पण नीट काढ. म्या परत बसायची न्हाय!"

आणि ऐन बारशात लाईट गेली! दारं-खिडक्या बायकांनी अडवलेल्या. त्यात बायकोचा हुकूम, "अहो, फ्लॅश न्हाय मारायचा, लेकरू दचकतंय!"

"मग उजेड आणा की कुणीतरी!" मी ओरडलो.

"म्या आणतो!" म्हणत दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, बाहेर पळाले. इकडे अक्का पाळण्यात वाकली.

"अक्का, थांब!"

"आरं, मुहूर्त थांबतोय व्हय?"

तिनं कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत दणादण गुद्दे घातले, मी घाबरून बटण दाबलं आणि दाजींनी ट्रॅक्टर थेट दारात आणला! दोन्ही हेडलाईट, घरभर धूर, वर हॉर्न. लेकरानं टाहो फोडला, बायका पांगल्या. आता मुंगीचाही फोटो निघाला असता, पण नाव सांगून झालं होतं. ते काही दुसऱ्यांदा सांगत नाहीत.

फोटो पाहिला तर सगळा अंधार. फक्त कुठल्याशा फटीतून आलेला उजेड अक्काच्या ओठांवर आणि लेकराच्या कानावर पडला होता. मी बघतच राहिलो. आपली अक्का इतकी सुंदर आहे, हे मला चाळिशीत कळलं.

"ही म्या हाय व्हय?" अक्कानं डोळ्याला पदर लावला.

"अंडरएक्स्पोज झालाय गं," मी ओशाळून म्हणालो.

आता तो फोटो तिच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे. पाहुण्यांना ती ऐटीत सांगते, "ह्याला अंडरएक्स्पोज म्हणत्यात. लई अवघड असतंय!"

तेव्हापासून गावातल्या प्रत्येक बारशाला मला बोलावणं असतं. मी दिवे लावून लख्ख फोटो काढतो. लोक बघतात आणि हळहळतात, "अक्काच्यावानी न्हाय जमला!"