काळविटाचे वकील, गुरुजींचे जामीनदार

ॲड. सुदामराव निकाळजे यांचा व माझा प्रथम परिचय उस्मानपुऱ्यातील माझ्या घरी, चिरंजीवांच्या मौंजीबंधनाच्या मंगल प्रसंगी झाला. त्या परिचयाचे फलस्वरूप म्हणून मी, माझे चिरंजीव आणि आमचे उपाध्याय असे तिघेही आज फौजदारी न्यायालयाच्या अभिलेखात विराजमान आहोत. सुदामरावांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच. एरवी मी महाविद्यालयात संस्कृत शिकवतो, जो अद्याप दखलपात्र गुन्हा नाही.

सुदामराव मूळचे फुलंब्री तालुक्यातले. वनखात्याच्या बाजूने शिकारीचे खटले चालवण्यात त्यांनी हयात वेचली. त्या दिवशी ते नवे शेजारी म्हणून निमंत्रित होते. खुलताबादहून आलेल्या नारायणगुरुजींनी बटूच्या गळ्यात नखाएवढा अजिनाचा, म्हणजे मृगचर्माचा, तुकडा बांधला, तो पहिल्या रांगेतून त्यांना दिसला. विधीत त्यांनी यत्किंचितही व्यत्यय आणला नाही. भिक्षावळ आटोपू दिली, मगच गुरुजींना बाजूला घेतले.

"गुरुजी, हे चामडं कशाचं?"

"अस्सल काळवीट!" गुरुजी प्रसन्न झाले. "आजोबांच्या वेळचं अख्खं कातडं आहे घरी. तुमच्याकडं मुंज असली तर सांगा, तुकडा राखून ठेवतो."

"आमच्याकडं मुंज नसते, गुरुजी. पण या तुकड्याला तीन ते सात वर्षं असतात."

मग त्यांनी कायदा समजावला. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येते. त्याला मारणे तर सोडाच, सापळा लावणे किंवा तसा नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. नोंद न केलेले कातडे, शिंग वा मांस जवळ बाळगणे हाही तितकाच गुन्हा. शिक्षा किमान तीन वर्षे, कमाल सात, वर दंड. तडजोडीची सोय नाही. गुरुजी सत्तरी ओलांडलेले. सात वर्षांचा अर्थ त्यांना भाष्याविना उमगला व ते दोन्ही गुडघे धरत पाटावर टेकले.

यजमानधर्मास जागून मी बटूस अजिन विहित असल्याची दोन संस्कृत वचने सव्याख्य निवेदिली. सुदामरावांनी ती आदरपूर्वक ऐकली आणि विचारले, "सर, हे लिहिलं तेव्हा हरणं किती होती?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या विद्वत्तेस आजतागायत सापडलेले नाही.

"साहेब, घरचं कार्य आहे," आमचे मेहुणे गयावया करू लागले. "पाहून न पाहिल्यासारखं करा ना."

"तेच तर जमत नाय. आमच्याकडची पोरं पावशेर मटण जवळ सापडलं म्हणून मी आत पाठवलीत. त्यांना काय सांगू, गुरुजींचं काळवीट सोवळ्यातलं होतं?"

मेहुणे पंगत वाढायला निघून गेले. आमच्या घराण्यात ही घटना दुर्मीळ.

"उद्या सकाळी वनखात्याची माणसं घेऊन मी खुलताबादला येतो," सुदामराव गुरुजींना म्हणाले. "तोवर कातडं हलवू नका. हलवलं की आणखी एक कलम."

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच गेले. पंचनामा होईस्तोवर गुरुजींच्या ओसरीवर त्यांच्या शेजारी बसून राहिले. माझ्या चिरंजीवांच्या गळ्यातील तुकडाही मुद्देमालात जमा झाला. गुरुजींना न्यायालयात उभे केले, तेव्हा वनखात्याने हा खटला सुदामरावांकडेच देऊ केला होता. त्यांनी तो नाकारला आणि गुरुजींसाठी जामीनदार म्हणून स्वतः उभे राहिले.

"काय माणूस आहात हो!" बाहेर आल्यावर गुरुजी म्हणाले. "धरून देणारेही तुम्हीच, हमी घेणारेही तुम्हीच. मी पळून गेलो तर?"

"गुरुजी, तुमचे गुडघे पाहिलेत मी."

असे हे व्यक्तिमत्त्व. कायदा सांगण्यासाठी ते आजही फुलंब्रीकडची गावे पायाखाली घालतात. एका सभेत, मी श्रोता म्हणून उपस्थित असताना, एक शेतकरी उसळून उठला. "साहेब, आम्ही हरणाला हात लावला तर जेल. ते माझी ज्वारी खातं, त्याला कोणतं कलम?" सुदामराव म्हणाले, "त्याला सातबारा वाचता येत नाय, बाबा. तुला येतो. नुकसानीचा पंचनामा करून घेऊ, चल." व सभा तशीच सोडून त्याच्या शेतावर गेले. श्रोतृवृंद आपापल्या अंतःप्रेरणेने विसर्जित झाला.

गुरुजी आता अजिनाच्या जागी दर्भ वापरतात आणि संकल्पानंतर यजमानांना शिक्षेची तरतूद ऐकवतात, तीही मंत्राच्या स्वरात. काही यजमान भक्तिभावाने हात जोडतात. खटल्याला मात्र तारखा पडत आहेत.

सुदामरावांना निरामय दीर्घायुष्य लाभावे, ही आम्हा सर्वांची प्रार्थना आहेच. पण ती नारायणगुरुजींइतक्या कळकळीने कोणीही करत नसेल. या लेखासाठी आशीर्वचन मागावयास गेलो, तेव्हा त्यांनी मला बजावले, "शतायुषी व्हा वगैरे नेहमीचं लिहू नका. माझा निकाल लागेपर्यंत त्यांना काही होता कामा नये, एवढंच लिहा. आणि म्हणावं, निकालाची मला मुळीच घाई नाही."